दंडाच्या पावत्या

कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा आला तेव्हा आम्ही काही जण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या आदिवासी पाड्यापाड्यांत दावे भरून द्यायला फिरलो होतो. जमीन तुम्हीच कसता याला पुरावा काय, असं विचारलं की बाया पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढायच्या. आत वनखात्यानं फाडलेल्या दंडाच्या पावत्या. सासऱ्याच्या नावाच्या, कुठं आजेसासऱ्याच्याही. ज्या पावतीनं त्यांना गुन्हेगार ठरवलं, तीच आता त्यांच्या हक्काचा कागद. एकीनं मला विचारलं, "भाऊ, ही परत देशील ना?" झेरॉक्स काढून अस्सल पावती तिच्या हातात दिली, तेव्हा तिला बरं वाटलं.

सरकारी दप्तरात ही माणसं अतिक्रमणदार. ज्यांच्या पणज्यानं तो उतार कसायला घेतला, त्यांना हा शब्द!

१३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मताला आला. बाजूनं १४४ देश, त्यात भारतही. विरोधात चारच: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पण आपण हात वर करताना सांगितलं, की स्वातंत्र्याच्या वेळी इथं असलेली सगळी जनता आणि तिचे वारस मूलनिवासीच आहेत. सगळेच मूलनिवासी, तर मग धडगावच्या त्या बाईचा वेगळा हक्क उरला कुठं?

मला हे पटत नाही. आधी कोण आलं हा वाद कितीही मागं नेता येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा करार, क्रमांक १६९, फक्त त्यावर अडून बसत नाही. ज्यांचा समाज स्वतःच्या चालीरीतींनी चालतो आणि बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, अशा जमातीही त्यात येतात. आणि आम्ही कोण, हे आम्ही स्वतः काय मानतो, हा त्यातला पायाभूत निकष आहे. नेपाळनं २००७ मध्येच हा करार मंजूर केला. आपण अजून १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या करारावर आहोत, १९५८ साली मंजूर केलेल्या.

तो जुना करार आदिवासींना इतरांत मिसळून टाकू पाहणारा, मला अजिबात न आवडणारा. तरीही त्याच्या ११ व्या कलमात परंपरेनं ताब्यात असलेल्या जमिनीची मालकी मान्य आहे, सामूहिकसुद्धा. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं येत होती, कितीतरी घरं नेवाडावर, म्हणजे जंगलात कसलेल्या, नावावर नसलेल्या जमिनीवर जगत होती. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ च्या अहवालात याच कराराकडे बोट दाखवलं. वर्षभरात भारतानं बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग सोडून दिला. धरण मात्र थांबलं नाही.

जाहीरनाम्याचं १० वं कलम म्हणतं, आधी, मोकळेपणानं आणि सगळं समजून दिलेली संमती नसेल तर कुणाला जागेवरून हलवायचं नाही. हे आपल्याकडे होऊ शकतं. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत १२ ग्रामसभांना विचारलं, बाराही जणी खाणीला नाही म्हणाल्या, आणि डोंगर राहिला.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत मीही असेन, ढोल ऐकला की माझेही पाय थिरकतात. पण यंदा शुभेच्छा पाठवण्याआधी आपल्या खासदाराला एवढं विचारा: १६९ ला मंजुरी कधी देताय?