मुलांचं वाळवण

एप्रिल लागला की आपल्याकडे गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे पडतात. मुलं वाळवायची सोय मात्र घरी नीट होत नाही, त्याला शाळाच लागते. नागपूरकडे शाळा काढायचं तुमच्या मनात असेल, तर मागच्या आठवड्यात मला झालेलं ज्ञान फुकटात देते. डोनेशन नको.

आधी बोर्ड निवडा. सीबीएसई उत्तम, कारण नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. नवी पुस्तकं, नवा वर्ग आणि पारा चाळिशीपार. स्टेट बोर्डवाल्यांनीही हिरमुसू नये. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रक 25 एप्रिलपर्यंत ओढून त्यांनीही आपला वाटा उचलला होता.

वेळेचं टेन्शन घेऊ नका. 2024 मध्ये सरकारनं सांगितलं की लेकरांची झोप होत नाही, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. 2025 च्या मार्चमध्ये सांगितलं की ऊन फार आहे, प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा ठेवा. दोन्ही कागद एकाच फायलीत लावा, तपासणीला कोणी आलं की जो पाहिजे तो दाखवता येतो. आणि सव्वाअकराला शाळा सुटते म्हणजे फाटकातून सुटते. व्हॅनमध्ये तेरा पोट्टे, एक खिडकी अर्धी उघडते, दुसरी उघडतच नाही, आमचा स्टॉप शेवटून दुसरा. मुलगी घरी येते साडेबाराला. तो सव्वा तास कुठल्याच परिपत्रकात नाही, म्हणजे तो झालाच नाही.

वर्गावर पत्रा, ऑफिसात एसी. उलट होऊ देऊ नका.

पाण्याची टाकी काळी घ्या आणि गच्चीवर उघड्यावर ठेवा. गरम पाणी पचनाला चांगलं.

स्पोर्ट्स डेची प्रॅक्टिस तिसऱ्या तासाला.

आता मुख्य गोष्ट, युनिफॉर्म. गळ्याशी आवळलेला टाय, वर बेल्ट, पायात पॉलिशचे काळे बूट आणि गुडघ्यापर्यंत नायलॉनचे मोजे. घाम आला तर तो वाळता कामा नये, कारण घाम वाळला की अंग थंड पडतं आणि आपली मेहनत वाया जाते. यात एक धोका असतो. एखादी आगाऊ आई पोरीला पांढरी सुती टोपी शिवून देते. मोठ्या काठाची, मानेवर झालर असलेली. मी दिली होती. शाळा सुटल्यावर दुसरीची पोरं व्हॅनसाठी मैदानात लायनीत उभी असतात, वीस-पंचवीस मिनिटं. त्या लायनीत एका बाईंनी टोपी काढून घेतली. फाटकावरच्या काकांना विचारलं तर ते बिचारे खाली बघत म्हणाले, ‘मॅडमनं मना केलं. लाइन एकसारखी दिसली पाहिजे म्हणते.’ डायरीत लाल शाईनं शेरा: ‘नॉट पार्ट ऑफ युनिफॉर्म.’ ऑफिसात गेले तर सांगितलं की शाळेची कॅप मिळेल, पण ती ऑगस्टच्या परेडसाठी असते, आता स्टॉक नाही. नेव्ही ब्लू आहे. ऑगस्टमध्ये! पावसात कॅप आणि एप्रिलमध्ये उघडं डोकं! बाहेर आले तर प्रिन्सिपल मॅडमची गाडी कडुनिंबाखाली, वरून हिरवी जाळी ताणलेली, शिवाय स्टिअरिंगवर टॉवेल टाकलेला. हात भाजू नये म्हणून.

माझा भाऊ मेलबर्नला असतो. तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळांमध्ये नियमच आहे की टोपी नाही तर खेळायला मैदान नाही, सावलीत बसा. मानेवर झालर असलेली, आपल्यासारखीच टोपी तिथे चालते. अतिनील किरणांचा निर्देशांक तीनवर पोचला की टोपी चढते. तिथे भीती त्वचेच्या कर्करोगाची आहे, आपल्याकडे ऊन लागायची. पण ते लोक टोपी नसली तर रागावतात आणि आपण असली तर.

टोपी चैनीची गोष्ट आहे का हो? आजी साबुदाण्याच्या पापडांवर जुनं लुगडं पसरायची, धूळ बसू नये म्हणून. हवामान खात्याचा थर्मामीटरसुद्धा उन्हात ठेवत नाहीत. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत असतो. म्हणजे पेपरात आलेला 43 हा सावलीतला 43. चार फूट म्हणजे माझ्या पोरीचं डोकं. त्या काचेच्या नळीला पेटी आहे, पांढरा रंग आहे, वारा यायला झडपा आहेत. पोरीला लाइन आहे.

बास झाला उपरोध, मला जमतही नाही. प्रिन्सिपल मॅडम, सात वर्षांचं मूल ‘मला गरगरतंय’ म्हणत नाही. गप्प बसतं, चिडचिडं होतं, घरी येऊन डबा तसाच ठेवून जमिनीवर आडवं होतं. मोठ्यांपेक्षा लहानांचं अंग लवकर तापतं, हे तुम्हाला मी सांगायचं? तुमच्याकडे बी.एड. झालेली पन्नास माणसं आहेत. लाइन मैदानातून उचलून व्हरांड्यात नेली तर पंधरा पावलं पडतात, मी मोजली आहेत. एप्रिलभर टाय-बेल्ट बंद ठेवायला कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही. आणि लेकराच्या डोक्यावरचं कापड ओढून काढताना त्या बाईला एकदाही वर बघावंसं वाटलं नाही? लाज वाटायला पाहिजे होती.

टोपी तुमच्या कपाटात आहे. आत निळ्या दोऱ्यानं तिचं नाव घातलंय. सोमवारी मी सव्वाअकराला येते, ऑफिसात नाही, मैदानात. तुम्हीही या, डोकं उघडं ठेवून, आणि व्हॅन येईपर्यंत लायनीत माझ्या शेजारी उभ्या राहा.