वीज-तेल कंपन्यांतले जागले आणि लागू न झालेला कायदा

वीज, तेल, कोळसा कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात असा: इंडियन ऑइलच्या मंजुनाथच्या खुनामुळे 2014 साली जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा झाला, तो सरकारी-खासगी सगळ्या कंपन्यांना लागू आहे, तेव्हा कुठलीही गडबड दिसली तर नाव न लिहिता ईमेल करा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. यावर विसंबून तक्रार केली तर नोकरी धोक्यात येईल, म्हणून एकेक दावा तपासू.

‘2014चा कायदा आहे.’ कागदावर आहे. 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो कधीपासून लागू हे केंद्राने अधिसूचना काढून ठरवायचं होतं. ती निघालेलीच नाही. 2015चं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि 2019 मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. निलंबनाविरुद्धच्या अर्जात या कायद्याची कलमं घातलीत, तर कंपनीच्या विधी विभागाला उत्तराला एक ओळ पुरते.

‘मंजुनाथमुळे झाला.’ क्रम चुकला आहे. आज प्रत्यक्षात जे चालतं ते केंद्राचं 21 एप्रिल 2004चं संकल्पपत्र, म्हणजे तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा सरकारी ठराव, आणि त्यामागे रस्ते प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांचा नोव्हेंबर 2003 मधला खून. इंडियन ऑइलचे मंजुनाथ षण्मुगम यांना नोव्हेंबर 2005 मध्ये लखीमपूर खिरी जिल्ह्यात मारलं, तेव्हा ते संकल्पपत्र होतंच. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी जाळलं, तेव्हाही. दोघेही भेसळीवर उघडपणे कारवाई करणारे अधिकारी होते. नाव गुप्त ठेवणारी कोणतीही व्यवस्था त्यांच्या कामाची नव्हती.

‘नाव न लिहिता ईमेल करा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. 2004च्या व्यवस्थेत निनावी तक्रार घेतलीच जात नाही, आणि ईमेल किंवा पोर्टलवरून आलेल्या तक्रारीला हे संरक्षण मिळत नाही. तक्रार बंद पाकिटातून केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची. पाकिटावर इंग्रजी अक्षरांत पीआयडीपीआय (PIDPI, त्या 2004च्या संकल्पपत्राच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. नाव-पत्ता आत, मजकुराच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे तेवढा भाग काढून उरलेला पुढे पाठवता येतो. पोच मिळत नाही. आयोग आधी तुमच्याकडूनच खातरजमा करून घेतो आणि ते पत्र तुम्ही दिलेल्या पत्त्यावर येतं. कंपनीच्या कॉलनीतला पत्ता देऊ नका, हे आमचं मत.

गुप्तता फुटते ती बहुतेकदा मजकुरातून. ‘मी 12 तारखेला साहेबांना हेच लिहून दिलं होतं’ असं एक वाक्य पुरतं. तीच तक्रार मंत्रालयाला, खासदाराला प्रतीसह पाठवली, किंवा त्याच निविदेवर स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तर लपवायला काही उरत नाही. ओळख दुसऱ्या कार्यालयाकडे उघड केली असेल तर आयोग ती झाकण्याची जबाबदारी घेत नाही. नंतर छळ झालाच तर आयोगाकडे दाद मागता येते.

‘सगळ्या कंपन्यांना लागू.’ नाही. एनटीपीसी, ओएनजीसी, कोल इंडिया, बीपीसीएल या केंद्राच्या, म्हणून 2004च्या व्यवस्थेच्या आत. महावितरण, महानिर्मिती, महापारेषण राज्याच्या, म्हणून बाहेर. तिथल्या लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा फोन क्रमांक आहे, पण तो 2004च्या व्यवस्थेचा भाग नाही. खासगीत कंपनी कायदा 2013चं कलम 177: शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँका व सार्वजनिक वित्तीय संस्थांचं 50 कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपनीला तक्रारयंत्रणा ठेवावी लागते, अपवादात्मक प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. मात्र कलमात शब्द आहेत ‘संचालक आणि कर्मचारी’. वीजकेंद्रात राख उपसणारा, कोळसा हाताळणारा माणूस पुष्कळदा ठेकेदाराचा असतो. त्याने आधी कंपनीचं धोरण वाचावं, तो त्यात आहे का.

‘कुठलीही गडबड कळवा.’ 2004ची व्यवस्था भ्रष्टाचार आणि पदाच्या गैरवापरापुरती आहे. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवलाय, गॅस डिटेक्टर बंद आहे, यात पैशाचा व्यवहार दिसत नसेल तर ते पाकीट चुकीच्या दारात जातं. त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची 2020ची संहिता: जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवू शकतो. लेखी कळवा, प्रत जवळ ठेवा.

‘केसालाही धक्का नाही.’ जिवाची भीती असेल तर वरचं पुरेलच असं नाही. तिथे साक्षीदार संरक्षण योजना 2018 आहे, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशभर लागू केलेली. गंभीर गुन्ह्याची माहिती किंवा कागद ज्याच्याकडे आहे तोही तिच्या व्याख्येत साक्षीदार. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, पोलिसांचा धोक्याचा अहवाल शक्यतो पाच कामकाजी दिवसांत, निकड असेल तर त्याआधीच तात्पुरतं संरक्षण. बदली किंवा निलंबन मात्र ही समिती थांबवत नाही.