हरकत असल्यास कळवावे

माझ्या कपाळात स्टेपलरची पिन आहे. बरोबर मधोमध, गंध लावतात तिथे. आणि अजून अकरा दिवस ती काढता येणार नाही.

विशेष विवाह कायदा, १९५४, याला तसं पिनेशी काही घेणंदेणं नाही. तो एवढंच म्हणतो की लग्न करू इच्छिणाऱ्यांनी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी, त्याने ती कचेरीत ठळक जागी लावावी आणि तीस दिवस थांबावं; कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याने यावं. पिन कुठे मारायची हे ज्याच्या हातात स्टेपलर त्याच्या मर्जीवर. नियोजितच्या फोटोला पिन कशी, तर वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्टीत, केसालाही धक्का नाही. मला मात्र थेट मस्तकात.

'नियोजित' म्हणजे माझी होणारी बायको. साखरपुडा झाल्यापासून तिला चारचौघांत काय म्हणायचं हा प्रश्नच होता. 'गर्लफ्रेंड' म्हटलं की माझी आत्या खोकते. 'वाग्दत्त वधू' म्हटलं की आता कुणीतरी पेटीवर सूर धरणार असं वाटतं. फॉर्मवर 'नियोजित वधू' छापलेलं दिसलं, ते आम्ही उचललं. मीही नियोजित, तीही नियोजित. पूर्वी आम्ही संध्याकाळी टेकडीवर जायचो, आता संध्याकाळी कोटेशनं घेतो. परवा खुर्च्यांना पांढरी कव्हरं हवीत की नकोत यावर पाऊण तास भांडलो आणि शेवटी लक्षात आलं की दोघंही 'नकोत'च म्हणत होतो. लग्न नोंदणी पद्धतीने, साधेपणाने, हे आमचं ठरलेलं. 'तुम्ही करा हो साधेपणाने, आम्ही नंतर चारशे माणसं जेवायला बोलावतो,' हे घरच्यांचं ठरलेलं.

तर फोटो. स्टुडिओवाल्याने मला वरून खाली बघितलं आणि न विचारता खुंटीवरचा काळा कोट पुढे केला. त्या कोटात माझ्याआधी निम्म्या शहराने पासपोर्ट काढलेले असावेत. कॉलरला सर्वधर्मसमभावाचा वास होता. वर त्याने पाण्याचा हात फिरवून माझा भांग पाडला. "हसू नका," म्हणाला. मी हसत नव्हतोच. तो फोटो तीस दिवस भिंतीवर लागणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी निदान पाणी तरी पुसलं असतं.

मंगळवारी आम्ही तारीख विचारायला गेलो. खिडकीशी रांग होती, नियोजित रांगेत उभी राहिली. स्कूटरवरून आलो होतो, त्यामुळे तिच्या तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसतात तसा. काढायचा तिला कंटाळा. मी हेल्मेट काखेत मारून नोटीस बोर्डाकडे गेलो.

तिथे ते उभे होते. सत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाईल, चष्मा नाकाच्या टोकावर. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत माणूस जसा कालचा पेपर जाहिरातींसकट वाचतो, तसे ते बोर्ड वाचत होते. मला पाहून सरकले आणि म्हणाले, "या. इथून नीट दिसतं." घरच्या कार्यात पाहुण्याला पाट द्यावा तसं.

"कामाला आलात?" मी विचारलं.

"हक्कसोडपत्र. बहीण यायची आहे सहीला. गेल्या मंगळवारीही यायची होती." त्यांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. "तोवर हे बघतो. महिनाभर तेच चेहरे असतात म्हणा. हा गेल्या खेपेलाही होता."

"कोण?"

"हा. पिनवाला."

मी बोर्डाकडे अशा नजरेने बघितलं, जणू त्या इसमाला आयुष्यात प्रथमच बघतोय.

"काय वाटतं याच्याकडे बघून?" ते म्हणाले.

"बरा आहे की."

"बरा? अहो, जामिनावर सुटल्यासारखा दिसतोय. आणि तो कोट. कोट याचा नव्हे."

"कशावरून?"

"खांद्यावरून. बत्तीस वर्षं टेलरिंग केलं मी. हा चव्वेचाळीसचा कोट आहे. पोराची छाती अडतीस, फार फार तर." त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. "तुमच्याएवढी असेल."

मी हेल्मेट छातीशी घेतलं.

इथे मला थोडं थांबून एक सांगायचं आहे. माणसाचा अपमान कुणी तोंडावर केला तर उत्तर देता येतं, पाठीमागे केला तर दुर्लक्ष करता येतं. पण आपल्याच शेजारी उभं राहून, आपल्याला विश्वासात घेऊन, आपल्याच फोटोचा कुणी अपमान केला तर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. 'अहो, तो मीच,' हे म्हणायला पहिली काही सेकंदं असतात. ती गेली की गेली. त्यानंतर सांगणं म्हणजे त्या गृहस्थांचा अपमान. मी मध्यमवर्गीय घरातला आहे. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःची फजिती चालू ठेवायची, हे मला दुधाबरोबर पाजलेलं आहे.

ते वाचू लागले. मोठ्याने. "स्थिती: अविवाहित. ती दिसतेच आहे. वय: पस्तीस. पस्तीस! मग इतकी वर्षं काय करत होता? धंदा: नोकरी. बघा, कसली ते लिहीत नाहीत. चांगली असती तर लिहिली असती. राहणार..." आणि त्यांनी माझा पत्ता फ्लॅट नंबरसकट वाचला. "अरे! हे तर आमच्या साडूच्या मागच्या गल्लीत. विचारतोच त्याला, कसं घराणं आहे ते."

इतक्यात नियोजित आली. स्कार्फमधून डोळेच दिसत असले तरी तिला मजा वाटायला लागली की ती भुवयांवरून कळते.

"काय बघताय, काका?"

"हे बघ गं, बाळ. ही पोरगी. नाकीडोळी नीटस, डोक्याने हुशार वाटते. आणि पदरात काय पडतंय, तर हा."

"खरंच की," नियोजित म्हणाली. "घ्यायची का हरकत?"

"घेता येते?"

तर येते. नियोजित ही अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचणाऱ्या दुर्मीळ जमातीतली असल्यामुळे तिने त्यांना कलमवार समजावून सांगितलं. कुणीही हरकत घेऊ शकतो, ओळख असायची गरज नाही. पण कारण कायद्यातलंच हवं. दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा एकवीसच्या आत, मुलगी अठराच्या आत, निषिद्ध नातं, किंवा वैध संमती देता येणार नाही अशी मनाची अवस्था. मूळ कायद्यात या शेवटच्या जागी सरळ लिहिलं होतं की दोघांपैकी कुणीही 'इडियट' किंवा 'लुनॅटिक' नसावं. १९७६ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले. खुर्च्यांच्या कव्हरांचा प्रसंग आठवला की वाटतं, आम्ही थोडक्यात वाचलो.

"थोराड दिसणं बसत नाही का त्यात?" काकांनी विचारलं.

"नाही ना. आणि उगाच खोडसाळ हरकत घेतली तर अधिकारी एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतात."

काका विचारात पडले. हिशेब करताना टेलर लोक ओठ हलवतात तसे त्यांचे ओठ हलले.

"हजार रुपयांत एका पोरीचं भलं होणार असेल," ते हळूच म्हणाले, "तर फार नाहीत."

नियोजित स्कार्फच्या आत फुटली. तिला खोकल्याचं निमित्त करावं लागलं. मग काकांनी चष्मा वर ढकलला, माझ्याकडे नीट बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे. माझ्या पोटात गोळा आला.

"तुम्ही यांच्यापैकी कोण?"

आणि मी म्हणालो, "साक्षीदार."

का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही. 'मीच तो' हे दोन शब्द तोंडात तयार होते. बाहेर भलताच आला.

"जपून," काका म्हणाले. "सही करणाराच अडकतो."

नियोजितचा खोकला तेवढ्यात थांबला होता.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी हा प्रसंग खळखळून हसवण्यासाठी चारशे माणसांच्या जेवणात सांगितला असता. पण काकांचं बोट खालच्या नोटिशीवर सरकलं. आमच्या नोटिशीवर ते वयावर थांबलं होतं, पत्त्यावर थांबलं होतं, कोटावर तर मुक्कामच होता. आडनावांवरून मात्र सर्रकन पुढे गेलं होतं. खालच्या नोटिशीत ते आडनावांवरच थांबलं. मुलाचं वाचलं. मुलीचं वाचलं. परत मुलाचं.

"हं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "ही आमच्याकडची. तालुका आमचाच." आणि खिशातून मोबाईल काढला. चेहऱ्यावर राग नव्हता. भाजीच्या भावाचा फोटो काढावा इतक्या सहज ते कॅमेरा शोधत होते.

त्या नोटिशीतल्या मुलीच्या फोटोला पिन कुठे होती ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. पत्ता मात्र होता, आमच्यासारखाच, फ्लॅट नंबरसकट. कायदा होऊन सत्तर वर्षं उलटली. घरच्यांच्या, जातीच्या, धर्माच्या परवानगीशिवाय दोन सज्ञान माणसांना लग्न करता यावं म्हणून तो आहे, असं आपण नागरिकशास्त्राच्या सुरात सांगतो, आणि त्याच माणसांचा पत्ता महिनाभर भिंतीला लावून ठेवतो, कुणाला जायचं असेल तर जा म्हणून. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं. आमची भिंत अलाहाबादच्या हद्दीत येत नाही. मांडव घालून, मंगलाष्टकं म्हणून लग्न करणाऱ्याला आधी महिनाभर कुणी भिंतीवर टांगत नाही. त्याने लग्न उरकून सावकाश नोंदणी करावी. (अशी सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या निकालाची तारीख १४ फेब्रुवारी २००६. न्यायमूर्तींना विनोदबुद्धी नसते असं कुणी म्हणू नये.) माझा अपमान फार तर कोटाच्या मापाचा होता.

मी काय केलं? मी हेल्मेटचा पट्टा लावला आणि काढला.

नियोजित पुढे झाली आणि त्या नोटिशीला पाठ टेकून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या अगदी समोर. "काका, तुमचा नंबर पुकारला वाटतं."

पुकारला नव्हता. पण हक्कसोडपत्रासाठी दुसऱ्यांदा आलेला माणूस खात्री करायला थांबत नाही. ते फाईल सावरत आतल्या खोलीकडे धावले. जाता जाता त्यांचा फोन वाजला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आलं, "अगं ताई, नुसती सही तर करायची आहे... नाही, तसं नाही... अगं, ऐकून तर घे..." बहिणीची बहुधा हरकत होती.

आम्ही पाच मिनिटं तशीच काढली, ती भिंतीला टेकून आणि मी तिच्या शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, ही रांग आहे. एक आजोबा तर माझ्या मागे येऊन उभेही राहिले. मग जेवणाची सुट्टी झाली. शिपाई दार ओढून घ्यायला आला, आम्ही निघालो. उद्या पुन्हा दार उघडेल, ते वेगळं.

स्कूटरवर ती गप्प. दोन सिग्नल गेले. गप्प नियोजितला मागे बसवून स्कूटर चालवणं म्हणजे सिलिंडर नेण्यासारखं असतं. खड्डे जास्त जपून चुकवावे लागतात.

"मी काय करायला हवं होतं?" शेवटी मी विचारलं. "फोटो घेत होते तेव्हा."

"ते सोड," ती म्हणाली. "ते मलाही आयत्या वेळी सुचलं. पण 'साक्षीदार' काय?"

"अगं, ते तोंडातून..."

"एका अनोळखी माणसाने विचारलं, तुम्ही कोण. फॉर्मवर नाही, खिडकीवर नाही. पहिल्यांदाच कुणीतरी तोंडी विचारलं. आणि तू साक्षीदार."

"तो मला जामिनावर सुटलेला म्हणत होता!"

"मग? मी हो म्हटलंय ना त्याला?"

यावर मला काही बोलता आलं नाही. हिरवा लागला, मागच्याने हॉर्न मारला.

घरी येऊन तिने वहीतली यादी उघडली. खुर्च्यांची कव्हरं खोडलेली, 'फुलं' दोनदा लिहिलेलं, 'तारीख' पुढे प्रश्नचिन्ह, कारण खिडकीवर नंबर लागलाच नव्हता. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न केलं नाही तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे नवीन फॉर्म, नवीन फोटो, नवीन पिन. यादीच्या तळाला एक ओळ होती: 'साक्षीदार, तीन.' त्याच्यापुढे माझ्या मावसभावाचं नाव, तिच्या मैत्रिणीचं नाव, आणि तिसरी जागा रिकामी. तिने पेन काढलं, तिथे माझं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"झाले तीन," म्हणाली. "आता नवरा शोध."