दुसऱ्याच्या देशाची राजधानी ठरवताना घ्यायची काळजी

समजा उद्या तुम्ही निवडून आलात, एखादा देश हातात आला आणि घरचं कोणी ऐकेना, तर टेन्शन घेऊ नका, सरळ दुसऱ्याच्या देशाची राजधानी ठरवायला घ्या. शहर आपलं नाही, तिथे आपल्याला राहायचं नाही, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि पुण्य आपल्या खात्यात. फक्त पद्धत नीट शिकून घ्या.

शहर भांडणातलंच निवडा. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेराला राजधानी म्हणून मान्यता दिलीत तर टाळ्या कोण वाजवणार? त्यापेक्षा जेरुसलेम बेस्ट. १९४७ च्या फाळणीच्या ठरावात युनोने हे शहर दोघांनाही न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं म्हटलं होतं, मग लढाई झाली, पश्चिम भाग इस्रायलकडे आणि पूर्व भाग जॉर्डनकडे गेला, १९६७ ला पूर्व भागही इस्रायलने घेतला आणि १९८० ला कायदाच केला की अख्खं जेरुसलेम आमची राजधानी. सुरक्षा परिषदेने तो १४-० ने अमान्य केला, तिथे दूतावास असतील त्यांनी ते हलवा म्हणून सांगितलं, अमेरिका तेव्हा तटस्थ. पॅलेस्टिनी लोकांना पूर्व भाग त्यांची राजधानी म्हणून हवाय तो हवाच आहे.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कायदा करायचा आणि पाळायचा नाही. १९९५ ला अमेरिकन काँग्रेसने धडाक्यात कायदा पास केला, सिनेटमध्ये ९३ विरुद्ध ५, की ३१ मे १९९९ पर्यंत दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला न्यायचा. क्लिंटनसाहेबांनी त्यावर सही केलीच नाही, तसाच तो कायदा झाला. पण आत एक बारीकशी पळवाट ठेवलेली, राष्ट्रीय सुरक्षेसाठी गरज वाटली तर राष्ट्राध्यक्ष हे सहा महिने पुढे ढकलू शकतात. झालं! दर सहा महिन्यांनी कागद टेबलावर, सही, कागद परत. प्रचारात म्हणायचं दूतावास हलवतो, निवडून आलं की हात फक्त पेन हलवतो. क्लिंटन, बुश, ओबामा, पक्ष कुठलाही असो, घोंगडं भिजतच.

मग ६ डिसेंबर २०१७ ला ट्रम्प उभे राहिले, मागे ख्रिसमसची सजावट, बाजूला उपराष्ट्राध्यक्ष पेन्स, आणि जाहीर केलं की जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी. ती ढब्बू सही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. पण हद्द नेमकी कुठून कुठपर्यंत? त्यावर आम्ही काही भूमिका घेत नाही म्हणे! आणि त्याच दिवशी तो सहा महिने ढकलायचा कागदही सही करून मोकळे, कारण दूतावास काही एका रात्रीत हलत नाही. याला म्हणतात अनुभव.

जग ओरडेल, ओरडू द्या. या घोषणेविरुद्धच्या ठरावावर सुरक्षा परिषदेत १४ विरुद्ध १, तिथे अमेरिकेचा व्हेटो आहेच. महासभेत १२८ विरुद्ध ९, ३५ तटस्थ, आपला भारतही त्या १२८ मध्येच. मतदानाआधी तुमच्या राजदूतबाईंनी आम्ही नावं लिहून घेतोय असा दम भरायचा, वर्गात मॉनिटर भरतो तसा, आणि मग नाउरू, पलाऊ, मायक्रोनेशिया अशी पॅसिफिकमधली चिमुकली बेटं एवढी पाठीशी उभी राहिली की छाती फुगवायची.

इमारतीचा खर्चही फार नाही. जेरुसलेमच्या अरनोना भागात अमेरिकेचं कॉन्सुलेटचं (वाणिज्य दूतावासाचं) ऑफिस होतंच, त्यालाच १४ मे २०१८ ला दूतावासाची पाटी लावली. आठवडाभर आधी रस्त्यावर दिशादर्शक बोर्ड लागले, हिब्रू, अरबी, इंग्रजी तिन्ही भाषांत, एक तर महापौरांनी स्वतः लावला. त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर इस्रायली सैन्याच्या गोळीबारात ६० च्या आसपास पॅलेस्टिनी मेले, टीव्हीवर स्क्रीनचे दोन भाग केलेले. तुम्ही फक्त समारंभाच्या भागाकडे बघत राहा, सवय होते.

टायमिंग मात्र चुकवू नका हं. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हीच आयडिया काढली, नेमकी सिडनीतल्या वेंटवर्थ मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला चार दिवस उरले असताना आणि तिथे ज्यू मतदार बऱ्यापैकी, म्हणजे योगायोगच बिचारा. सीट गेलीच. मग डिसेंबरमध्ये पश्चिम जेरुसलेमला मान्यता देऊन टाकली, दूतावास मात्र तेल अवीवलाच ठेवला, आणि २०२२ ला नव्या सरकारने ती मान्यताही परत घेतली. पॅराग्वेचा दूतावास तर मे २०१८ ला जेरुसलेमला गेला, सप्टेंबरला नव्या राष्ट्राध्यक्षांनी परत तेल अवीवला आणला, इस्रायलने चिडून तिथला आपला दूतावास बंद केला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्वारी पुन्हा जेरुसलेमला. म्हणून सांगतो, सामानाची खोकी फेकू नका.

राहता राहिले त्या शहरात राहणारे. पूर्व भागातल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे कायम रहिवाशाचं कार्ड असतं, नागरिकत्व नसतं, महापालिकेला मत देता येतं, क्नेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला, नाही. म्हणजे राजधानीत राहतात पण राजधानीतल्या संसदेला मत नाही, असल्या लोकांना विचारत बसलात तर कार्यक्रमाला उशीर होईल. त्यांच्याशी संबंध ठेवायला अमेरिकेचं वेगळं कॉन्सुलेट जनरल होतं जेरुसलेममध्ये, ते मार्च २०१९ ला दूतावासातच विलीन करून टाकलं. त्या वेळी काही समारंभ वगैरे नव्हता, पाटी काढायला पाहुणे कशाला बोलवायचे?