निर्माता साक्षीच्या पिंजऱ्यात

विज्ञान मानणाऱ्याने जगाचा कुणी कर्ता आहे असं मानावं का, हा वाद मराठीत सुरू झाला की लवकरच नवस-सायासांवर घसरतो. इथे अमेरिकेत तो २००५ साली कोर्टात गेला, त्यामुळे मुद्दा सोडून पळायला कुणाला वाव मिळाला नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळाने ठरवलं होतं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात मुलांना सांगायचं: उत्क्रांती हा सिद्धांत आहे, त्यात फटी आहेत, 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने आखून घडवले, हा पर्यायही आहे. पालक कोर्टात गेले. मंडळाच्या बाजूचा आवडता पुरावा म्हणजे जिवाणूची कशाभिका, मोटारीसारखी गरगर फिरणारी शेपटी. तिच्यात चाळीसेक प्रथिनं. त्यातला महत्त्वाचा भाग काढला की ती बंद पडते, म्हणजे टप्प्याटप्प्याने घडणं अशक्य. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यातल्या दहाएक प्रथिनांची भावंडं काही रोगजंतूंत वेगळ्याच यंत्रात सापडतात: समोरच्या पेशीत विष टोचणारी सुई. भाग कमी झाले की मोटार थांबते, पण उरलेलं भंगारात जात नाही, त्याला दुसरं काम असू शकतं. हे कोर्टात समजावून सांगणारा जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. निकाल १३९ पानी: बुद्धिमान रचना हे विज्ञान नव्हे. देव आहे की नाही, यावर निवाडा नाही. बरोबरच आहे, तो प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

माझ्या मते मेख इथेच आहे. कर्ता मानल्याने विज्ञानाचं काही बिघडत नाही. गणितात जिथे अडलं तिथे त्याला भरला की बिघडतं, कारण पुढे शोधायचं कारणच संपतं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होता. १९५१ मध्ये पोपने यातूनच पुढे आलेल्या महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाच्या आरंभाच्या, सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा अस्वस्थ झाला तो लमेत्रच.

आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, कारण दिलं ओझं कमी करण्याचं. बारावीत ती आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. डार्विन गेला तर धर्म वाचेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हातातला 'घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे' हा युक्तिवाद युरोपातून आलेल्या रूपातला आहे. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी जगाला कर्ता मानला नाही, जुन्या सांख्यांनाही त्याची गरज भासली नाही, आणि तरी ही दर्शनं आस्तिकच, म्हणजे वेद मानणारी, गणली गेली. ऋग्वेदातल्या, सृष्टी कशी झाली हे विचारणाऱ्या नासदीय सूक्ताचा शेवट तर असा, की वरून पाहणारा अध्यक्ष हे जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही. याच सूक्तात महास्फोट सापडल्याचे लेख मात्र दर काही महिन्यांनी फिरतात. पोपची १९५१ची चूक, फक्त संस्कृतात.