गाठीला सुई लावल्याने कॅन्सर पसरतो का? फिरत्या मजकुरातल्या एकेका मुद्द्याला उत्तर

घरात कोणाला गाठ निघाली आणि डॉक्टरांनी बायोप्सी (गाठीच्या पेशी किंवा तुकडा काढून तपासणं) सांगितली की नातेवाइकांच्या फोनवर एक मजकूर हमखास येतो. त्याचा गाभा असा: "शरीराने रोग एका जागी कोंडून ठेवलेला असतो. गाठीभोवती कवच असतं. सुई लागली की कवच फुटतं, पेशी रक्तात सुटतात आणि महिन्याभरात कॅन्सर अंगभर होतो. स्कॅनवर सगळं दिसतंच, मग बायोप्सी कशाला? गाठीला शस्त्र लावू नका."

यातला एक धागा खरा आहे. मोजक्या प्रकारच्या गाठींमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तो लपवला तर बाकीच्या उत्तरावर कोणी विश्वास का ठेवावा? उरलेला मजकूर मात्र चुकीच्या समजावर उभा आहे. पेशी सुटणं म्हणजेच कॅन्सर पसरणं, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात पसरणं हा पेशी आणि भोवतालची ऊती यांच्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालणारा व्यवहार आहे आणि सुईच्या एका टोचण्यात तो उरकत नाही.

"गाठीभोवती शरीराने बनवलेलं कवच असतं."

बहुतेक कॅन्सर अस्तराच्या पेशींत सुरू होतात: तोंडाची त्वचा, स्तनातल्या दूधनलिका, आतड्याचा आतला थर. या अस्तराखाली बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा पातळ पडदा असतो. चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन ही प्रथिनं त्याची मुख्य द्रव्यं. पेशी या पडद्याच्या वर आहेत तोवर रोग जागच्या जागी असतो. पडदा ओलांडला की तो आक्रमक ठरतो. कवच म्हणावं असं काही असेल तर हाच पडदा, आणि तो गाठ स्वतःच फोडते, तेही बायोप्सीच्या कितीतरी आधी. त्यासाठी लागणारी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही कोलॅजन कापणारी विकरं गाठीजवळ वाढलेली असतात. ती सगळी कॅन्सरपेशीच बनवते असंही नाही. बराच वाटा शेजारच्या निरोगी फायब्रोब्लास्ट (ऊतीचे तंतू विणणाऱ्या) आणि मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) पेशींचा असतो. कॅन्सरपेशी सीएसएफ-१ हे संदेशद्रव्य सोडून मॅक्रोफेजना जवळ बोलावतात, मॅक्रोफेज ईजीएफ हे दुसरं संदेशद्रव्य सोडून त्यांना पुढे सरकायला लावतात, आणि दोघी मिळून रक्तवाहिनीपर्यंत पोचतात.

हाताला जो कडकपणा लागतो, त्याला लोक कवच समजतात. तो फायब्रोब्लास्टनी विणलेल्या कोलॅजनचा असतो. लायसिल ऑक्सिडेज हे विकर या तंतूंना एकमेकांशी जखडतं. तंतू ताणले जातात, गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहतात, आणि पेशी त्यांना धरूनच बाहेर पडतात. म्हणजे तो कडकपणा रोगाला अडवण्याऐवजी बऱ्याचदा त्याची वाट बनतो. सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडतं, त्यात हीच रसायनं दिसतात. सुपारीतलं ॲरेकोलिन फायब्रोब्लास्टना चेतवतं, तिच्यातलं तांबं लायसिल ऑक्सिडेजला जोर देतं, गालाची आतली बाजू दोरीसारखी कडक होते, आणि अशाच तोंडात कॅन्सरचा धोका वाढलेला असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. भोवतालची ऊती नेहमीच गाठीला साथ देते असं नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीचा बहुतांश भाग तंतुमय ऊतीच असते. ती हटवली की औषध आत पोचेल, या आशेने उंदरांवर प्रयोग झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गाठी उलट अधिक आक्रमक झालेल्या दिसल्या. म्हणजे ऊती काही अंशी रोगाला रोखूनही धरते. पण हा रोध अख्ख्या ऊतीभर पसरलेल्या पेशींच्या वागण्यातून येतो. फुग्यासारखं टाचणीने फुटेल असं काही तिथे नसतं. सुईचं छिद्र त्या मानाने चिमुकलं: एफएनएसीला (बारीक सुईने पेशी ओढून घेण्याला) वापरतात ती २३ गेजची सुई ०.६४ मिलिमीटर जाडीची, आणि स्तनाच्या कोअर बायोप्सीची (जाड सुईने तुकडा घेण्याची) १४ गेजची सुई साधारण २.१ मिलिमीटरची.

"सुईमुळे पेशी रक्तात सुटतात."

सुई लागली म्हणून पेशी जागच्या हलतात, हे खरं आहे. स्तनाच्या कोअर बायोप्सीनंतर शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीच्या १९९९ च्या एका अभ्यासात ३५२ पैकी ३२ टक्के नमुन्यांत गाठीबाहेर सरकलेल्या पेशी सापडल्या. हा आकडा मजकूर लिहिणाऱ्यांना फार आवडेल. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा पाहा. बायोप्सीनंतर १५ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तिथे हे प्रमाण ४२ टक्के होतं, २८ दिवसांनंतर झाली तिथे १५ टक्के. सरकलेल्या पेशी रुजल्या असत्या तर दिवस जातील तसं प्रमाण वाढलं असतं. ते घटलं, कारण त्या पेशी मेल्या.

रक्तात पेशी जायला सुईची गरजही नाही. उंदराच्या स्तनगाठीतून दर ग्रॅममागे दर २४ तासांत तीस-चाळीस लाख पेशी रक्तात जातात, असं १९७५ मध्येच मोजलं गेलं. तरीही त्या उंदरांच्या अंगभर लाखो गाठी झाल्या नाहीत. १९७० मध्ये संशोधक आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. त्यांतल्या ०.१ टक्क्याहूनही कमी पेशी टिकून गाठी बनवू शकल्या. आधार सुटलेली पेशी आपोआप मरू लागते. रक्ताचा झोत तिला फाडतो. पेशी १५ ते २० मायक्रॉनची आणि केशिका ८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणून ती अडकून चेपते. रोगप्रतिकार करणाऱ्या नॅचरल किलर पेशी तिला गाठतात. ज्या थोड्या वाचतात, त्या बऱ्याचदा प्लेटलेटच्या आवरणाखाली वाचतात.

माणसातला याहून ठोस पुरावा १९८४ चा आहे. अंडाशयाच्या कॅन्सरने पोटात पाणी साठलेल्या काही रुग्णांच्या पोटातून थेट मानेच्या शिरेत नळी बसवली होती, म्हणजे पाणी रक्तात परतावं. पाण्याबरोबर लाखो जिवंत कॅन्सरपेशी महिनोन्‌महिने रक्तात जात राहिल्या. कोणती सुई एवढ्या पेशी सोडू शकेल? तरीही अनेकांच्या फुप्फुसात मृत्यूनंतरच्या तपासणीत गाठ सापडली नाही, आणि काहींत पेशी नुसत्या निपचित पडलेल्या दिसल्या.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून हेच मांडलं होतं: बी सगळीकडे जातं, उगवतं फक्त मानवणाऱ्या जमिनीत. स्तनाच्या कॅन्सरला हाड मानवतं, कारण पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते, त्याने हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात, झिजलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा हे वाढीचं द्रव्य मोकळं होतं, आणि ते परत कॅन्सरपेशीला पोसतं. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हे चक्र ऑस्टिओक्लास्टच्या बाजूने तोडतात.

"बायोप्सी झाली आणि महिन्याभरात सगळीकडे पसरला."

असं घडलेलं लोकांनी पाहिलेलं असतं, म्हणून हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो. पण बहुतेक वेळा आधी बायोप्सी आणि मग अंगभराचा सीटी किंवा पेट स्कॅन, असाच क्रम असतो. यकृतातली गाठ नंतर दिसली म्हणून ती नंतर झाली असं होत नाही.

हिशेब करून पाहा. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथे पोचायला ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं. दर आठवड्याला दुप्पट होणारी, फारच वेगवान गाठ धरली तरी ३० आठवडे लागतात. सुईने एकदम शंभर पेशी नेऊन सोडल्या असं मानलं तरी २३ आठवडे. बहुतेक गाठींना दुप्पट व्हायला काही महिने लागतात. म्हणून बायोप्सीनंतर महिन्याने स्कॅनवर दिसलेली गाठ सुई लागली त्या दिवशी तिथे होतीच.

मग कोणाचा रोग पसरतो हे कशावरून ठरतं? मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली तोंडाच्या कॅन्सरची चाचणी पाहा. निदान सगळ्यांचंच बायोप्सीने झालं होतं आणि मानेत हाताला गाठ लागत नव्हती. तरीही ज्यांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) लगेच काढल्या, त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांच्या ग्रंथींत रोग आधीच पोचलेला होता. तोंडातली गाठ जितकी खोल रुतलेली तितकं हे प्रमाण वाढत गेलं: खोली ३ मिलिमीटर असताना ५.६ टक्के, ४ मिलिमीटर झाली की १६.९ टक्के. ज्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के. बायोप्सी टाळण्यात गेलेल्या आठवड्यांची किंमत या एका मिलिमीटरवरून समजते.

टाटा मेमोरियलचीच २०२३ ची दुसरी चाचणी या मजकुराला पुरावा म्हणून जोडली जाऊ शकते. सोळाशेच्या आसपास स्त्रियांच्या स्तनशस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी अर्ध्या जणींच्या गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं. पाच वर्षांनी त्या गटात ९०.१ टक्के जिवंत होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. शस्त्रक्रियेच्या क्षणी गाठीभोवतालच्या ऊतीत काहीतरी घडतं आणि ते बदलता येतं, हा यातला मोलाचा भाग. पण लिडोकेनसुद्धा सुईनेच, गाठीला खेटून टोचलं होतं, आणि दोन्ही गटांच्या गाठी काढलेल्या होत्या.

"स्कॅनवर दिसतं, मग तुकडा कशाला?"

स्कॅन आकार आणि जागा सांगतो. टीबीची गाठ फुप्फुसात, मानेत, अगदी पेट स्कॅनवरही कॅन्सरसारखी दिसते, आणि आपल्याकडे टीबी भरपूर आहे. स्तनात ईआर, पीआर, हर-२ या कॅन्सरपेशींवरच्या खुणा कळल्याशिवाय, फुप्फुसात ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल कळल्याशिवाय औषध ठरत नाही. मजकुराला घाबरून तुकडा न तपासताच गाठ "काढून टाकणं" ही तर फार घातक वाट. मांडीतल्या सार्कोमाभोवती (स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींच्या कॅन्सरभोवती) खरोखरच कवचासारखा थर दिसतो, पण तो दबलेल्या ऊतीचा असतो आणि त्यात कॅन्सरपेशी असतात. साधी चरबीची गाठ समजून तो सोलून काढला की रोग मागे राहतो आणि पुढची शस्त्रक्रिया बरीच मोठी होते.

आता खरा धागा. सुई कुठे जपून लावायची हे ऊतीवरूनच ठरतं. वृषणाच्या संशयित गाठीत अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत. वृषणाची लसिका (ऊतींतून लसिकाग्रंथींकडे वाहणारा द्रव) पोटातल्या महाधमनीजवळच्या ग्रंथींत जाते आणि अंडकोशाच्या त्वचेची जांघेत, म्हणून सुई रोगाला नवी वाट उघडून देते. तिथे जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये सुई घालत नाहीत. अंडाशयाची सुरुवातीच्या टप्प्यातली संशयित गाठ फोडत नाहीत, कारण फुटली की रोगाचा टप्पा १ए वरून १सी, म्हणजे वरचा, होतो. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर रोग रुजण्याचं प्रमाण २००८ च्या एकत्रित विश्लेषणात सुमारे २.७ टक्के आलं. सिरोसिसच्या (यकृत कडक होऊन बिघडलेल्या) रुग्णाला तीन टप्प्यांच्या सीटीत ठरावीक खुणा दिसल्या तर बायोप्सीशिवाय निदान होतं.

हातापायाच्या सार्कोमात बायोप्सी हवीच, पण पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने. छेद अवयवाच्या लांबीला समांतर, आडवा कधीच नाही. वाट एकाच स्नायुकप्प्यातून. रक्तस्राव पूर्ण थांबवलेला, कारण साठलेलं रक्त पेशींना दूर नेतं. रक्त-पाणी वाहून जायला नळी ठेवलीच तर छेदाच्या रेषेतच. मग सगळी वाट गाठीबरोबर काढता येते. तोंडातल्या व्रणाचा तुकडा कडेचा घ्यायचा. मधला भाग मेलेला असतो, त्यातून अहवाल "निदान होऊ शकत नाही" असा येतो आणि पुन्हा टोचावं लागतं.

नमुना बिघडण्याचं आणखी एक कारण बाटलीत असतं. तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरडा पाठवला की पेशी कुजतात. तासाभरात १० टक्के बफर फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणामध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात तो जायला हवा, आणि स्तनाच्या तुकड्याला ६ ते ७२ तास त्यात राहावं लागतं, नाहीतर हर-२ चा निकाल भरवशाचा राहत नाही. अहवालाबरोबर तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर तेच तपासता येतात आणि बऱ्याचदा नवी सुई टळते.