हापूसची वाट ब्रेक्झिटने मोकळी केली नाही

बागायतदारांच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'ब्रिटनने युरोपियन युनियनला रामराम ठोकला, काहीही बिघडलं नाही. युरोपने आपल्या हापूसवर बंदी घातली होती. ब्रिटन सुटला आणि वाट मोकळी झाली. आता जकातही शून्य. मोठमोठे अर्थतज्ज्ञ तोंडावर आपटले.' आमच्या काकांनीही त्याला अंगठा दिला, म्हणून लिहितोय. नाहीतर हंगामात एवढी सवड कोणाला आहे.

आधी बंदी. ती खरी होती. 1 मे 2014 पासून युरोपियन युनियनने आपला आंबा थांबवला, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही, कारण मालात फळमाशी आणि इतर कीड सापडत होती. ब्रिटन तेव्हा आत असल्याने लंडनचं गिऱ्हाईकही ऐन हंगामात तुटलं. पण आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं जानेवारी 2015 मध्ये, आणि ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युनियन सोडण्याचं, मतदान झालं 23 जून 2016 ला. वाट मोकळी केली ती अळी मारायला फळं बुडवतात त्या गरम पाण्याने: 48 अंश, 60 मिनिटं. पाणी जरा जास्त तापलं की साल भाजते, कमी पडलं की अळी जगते. टाकीतून क्रेट वर येतो तेव्हा फळ अंगात ताप असल्यासारखं हाताला लागतं. त्या टाकीपाशी तासन्‌तास उभं राहणाऱ्यांचं श्रेय या मेसेजने सरळ ब्रिटनच्या मतदारांना देऊन टाकलंय! एवढं मात्र मान्य, की थंड ब्रिटनला फळमाशीची धास्ती स्पेन-इटलीइतकी नाही. एकटा असला तर तो आंब्यापुरते नियम सैल करू शकतो.

जकातीचा मुद्दा एका ओळीत संपतो. ताज्या आंब्यावर युरोपियन युनियनची जकात आधीपासूनच शून्य होती. लंडनमध्ये पेटी महाग पडते ती विमानभाड्यामुळे.

भारत-ब्रिटन करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. युनियनमध्ये राहून ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता, हेही खरं. आपल्या कोळंबीवर तिथे जकात होती, ती या करारात शून्य ठरली आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासळी बंदरात सांगण्यासारखी बातमी हीच, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. पण यातून ब्रिटनला काय मिळणार? त्यांच्याच सरकारच्या अंदाजानुसार 2040 पर्यंत वर्षाला 4.8 अब्ज पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.1 टक्के. उलट तिथल्या अर्थसंकल्पीय अंदाज कार्यालयाने बाहेर पडण्याची किंमत धरली आहे ती दीर्घकाळात उत्पादकतेच्या 4 टक्के. दोन्ही अंदाजच आहेत, तरी तराजू कुठे झुकतोय ते दिसतं.

आता 'काहीही बिघडलं नाही'. हे ओहोटीला खाडीत कालवं काढणाऱ्या बाईला विचारावं. समजा, उद्या गोव्याच्या हद्दीवर बांद्याला नाका बसला. सावंतवाडीकडच्या मासळीवर गोव्यात कर शून्य, पण माल पुढे न्यायचा तर पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला हवा. आणि जिवंत कालवं किंवा तिसऱ्या (शिंपल्या) अगदी स्वच्छ ठरवलेल्या पाण्यातल्या नसतील, तर त्या आधी शुद्ध करून आणा, तशाच नेता येणार नाहीत. ब्रिटनचं जानेवारी 2021 पासून नेमकं हेच झालं. युनियनशी करार होता, जकात नव्हती. पण वेल्स आणि कॉर्नवॉलच्या शिंपलेवाल्यांचा नेहमीचा माल या नियमात अडकला. हा नियम आधीपासूनच होता, फक्त तो बाहेरच्यांसाठी होता. स्कॉटलंडचे मासळीवाले तर त्याच महिन्यात ट्रक घेऊन संसदेपाशी धडकले. ब्रेक्झिटच्या बाजूने सर्वात मोठ्याने बोलणाऱ्यांत कोळीच होते, आणि ते पकडतात ती बरीचशी मासळी खाणारा युरोप समुद्रापलीकडे आहे.

अर्थतज्ज्ञांचं म्हणाल तर मेसेज अर्धा बरोबर आहे. ब्रिटनच्या अर्थखात्याने मे 2016 मध्ये सांगितलं होतं, की नुसत्या मतदानानेच मंदी येईल आणि लाखो नोकऱ्या जातील. तसं झालं नाही, बेकारी उलट घटली. ती भीती फाजील होती. पण त्या वेळी देश बाहेर पडलाच नव्हता. तो पडला 31 जानेवारी 2020 ला, आणि जुने नियम 2020 च्या अखेरपर्यंत चालू राहिले. तोवर कोविड आला. त्यामुळे कोविडचं नुकसान किती आणि ब्रेक्झिटचं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, आणि 4 टक्क्यांच्या आकड्यावर कोणी वाद घातला तर माझी हरकत नाही.

काका, मेसेजखालचा फोटो मात्र तोतापुरीचा आहे. चोच दिसतेय. बागायतदारांच्या ग्रुपवर हा कसा काय खपला?